क्षयरोगाच्या गोळ्या चालू असताना गजकर्णाची कॅप्सूल : दोन औषधांचा एकमेकांवर होणारा परिणाम

द्राक्षबाग (तासगाव)

क्षयरोगाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने गजकर्णासाठी इट्राकोनॅझोलची कॅप्सूल घ्यावी का, आणि घेतली तर शरीरात नेमके काय घडते, हे जाणकारांकडून नीट समजून घेण्यासाठी हा धागा काढत आहे. विषय आमच्या घरातला आहे, पण सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात ही दोन्ही दुखणी इतकी सर्रास आहेत की दोन्ही औषधे एकाच वेळी पोटात जाण्याची वेळ अनेकांवर येत असावी.

माझ्या धाकट्या दिरांना फुफ्फुसाचा क्षयरोग झाल्याचे थुंकीच्या तपासणीत दिसले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्यांचे औषध सुरू झाले. त्यांचे वजन ५२ किलो असल्यामुळे रोज ४ गोळ्या आहेत. प्रत्येक गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम अशी चार औषधे एकत्र असतात. खोकला कमी झाला, संध्याकाळचा ताप गेला, जेवण वाढले. एवढ्यात कमरेला आणि जांघेत गजकर्ण पसरले. फळछाटणीनंतरच्या फवारण्यांत घामाने आणि फवाऱ्याने भिजलेले कपडे दिवसभर अंगावर राहतात, त्यामुळे आमच्याकडे बागेत काम करणाऱ्या निम्म्या लोकांना हा त्रास असतो. आधी दुकानातून आणलेले मलम लावून पाहिले, त्याने खाज थांबली पण चट्टे वाढले. मग मिरजेच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून इट्राकोनॅझोल १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि लावायला दुसरे मलम लिहून दिले.

डॉक्टरांनी दुसरी औषधे चालू आहेत का असे विचारले होते. भाऊजींनी नाही म्हणून सांगितले, कारण घरात त्यांच्या लग्नाची बोलणी चालू आहेत आणि टीबीचे नाव गावाबाहेर काढायचे नाही असे सगळ्यांनी ठरवले होते. त्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही आणि भाऊजींनाही देणार नाही. पुढे घरी येणाऱ्या आशाताईंनी कपाटावरची पट्टी पाहिली, नाव लिहून नेले आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारले, तेव्हा निरोप आला की या कॅप्सूलचा टीबीच्या गोळ्यांबरोबर काहीही उपयोग होणार नाही, त्या थांबवून परत दाखवा.

आता घरात दोन मते आहेत. एक असे की टीबीच्या गोळ्या सकाळी आणि कॅप्सूल रात्री, असे अंतर ठेवले म्हणजे दोन्ही चालतील. दुसरे मत सासूबाईंचे आहे. छाती आता बरी आहे, तर महिनाभर टीबीच्या गोळ्या थांबवून आधी कातडीचे दुखणे संपवावे असे त्या म्हणतात. या दुसऱ्या मताची मला भीती वाटते, पण त्यांना पटेल अशा शब्दांत ती मांडता येत नाही. कृपया कोणीतरी कारणांसह सांगावे.

औषधपेटी (सांगली)

ताई, मी औषधनिर्माणशास्त्र शिकलो असून विश्रामबाग भागात औषधांच्या दुकानात काम करतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'अंतर ठेवून उपयोग नाही' असे आहे. मात्र ते नुसते ऐकून भागणार नाही, कारण काही औषधांच्या बाबतीत अंतर ठेवण्याचा सल्ला आम्हीच देतो आणि त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो.

दोन औषधे एकमेकांच्या आड येतात त्याचे मार्ग निरनिराळे आहेत. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी आणि आम्लपित्ताचे पातळ औषध एकत्र घेतले, तर औषधातले ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम त्या गोळीला पोटातच धरून ठेवतात आणि ती रक्तात पुरेशी शोषली जात नाही. इथे भांडण पोटात आहे, म्हणून काही तासांचे अंतर ठेवले की ते मिटते. आयसोनियाझिडच्या शोषणातही ॲल्युमिनियम असलेली अशी औषधे अडथळा आणतात, आणि तिथेही उपाय अंतराचाच आहे.

रिफाम्पिसिनचे तसे नाही. हे औषध यकृताच्या आणि आतड्याच्या पेशींना असा आदेश देते की परकी रसायने मोडून काढणारी विकरे (एन्झाइम) जास्त प्रमाणात तयार करा. त्या विकरांपैकी जे इट्राकोनॅझोलला मोडते तेच सर्वांत जास्त वाढते. ही वाढ एका गोळीने होत नाही. रोजच्या गोळीने साधारण एक ते दोन आठवड्यांत ती पूर्ण होते, आणि नंतर दिवसाचे चोवीस तास टिकून राहते. हौदाला खालून मोठे भोक पडले असेल तर पाणी सकाळी भरले काय आणि रात्री भरले काय, ते ठरणार नाही. रिफाम्पिसिन चालू असताना रक्तातले इट्राकोनॅझोल ८० टक्क्यांहून अधिक घटते, आणि काही रुग्णांच्या रक्तात ते मोजण्याइतकेही सापडत नाही. मात्रा दुप्पट करून ही तूट भरून निघत नाही, म्हणून ही दोन औषधे एकत्र देऊ नयेत असेच सांगितलेले आहे.

या प्रकारात मला सर्वांत घातक वाटते ती त्याची शांतता. औषधांची आंतरक्रिया म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पुरळ, उलट्या, चक्कर असे काहीतरी येते. इथे रुग्णाला काहीच होत नाही. तो महिनाभर महागड्या कॅप्सूल नियमित घेतो, गजकर्ण जसेच्या तसे राहते, आणि शेवटी डॉक्टर समजतात की बुरशी औषधाला दाद देत नाही, रुग्ण समजतो की डॉक्टरांना जमले नाही. सध्या आपल्या देशात गजकर्णाची बुरशी टर्बिनाफिनसारख्या औषधाला खरोखरच दाद देईनाशी झाल्याचे दिसत आहे, त्यामुळे असा चुकीचा निष्कर्ष निघणे फार सोपे झाले आहे.

आम्हा दुकानदारांच्या बाजूनेही एक अडचण सांगतो. क्षयरोगाची औषधे अनुसूची एच-१ मध्ये आहेत. २०१४ पासून ती विकताना रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती नोंदवही तीन वर्षे ठेवावी लागते. पण भाऊजींच्या गोळ्या सरकारी केंद्रातून येतात, त्या दुकानातून जातच नाहीत. म्हणजे आरोग्य केंद्राला कॅप्सूलची चिठ्ठी दिसत नाही, त्वचेच्या डॉक्टरांना टीबीचे कार्ड दिसत नाही आणि दुकानदाराला दोन्हींपैकी एकच कागद दिसतो. दोन्ही कागद एकत्र पाहू शकणारा माणूस फक्त रुग्ण किंवा त्याच्या घरचे असतात. तुमच्या आशाताईंनी जे केले ते म्हणूनच मोलाचे आहे.

छातीचा_दवाखाना (मिरज)

दुसऱ्या प्रश्नावर मी लिहितो. क्षयरोगावर उपचार करणारा डॉक्टर म्हणून सासूबाईंना माझी कळकळीची विनंती आहे की टीबीच्या गोळ्या एक दिवसही त्यांनी आपल्या निर्णयाने थांबवू नयेत.

त्यांच्या पिढीला वॉनलेसवाडीचे सॅनेटोरियम, म्हणजे क्षयरोग्यांचे रुग्णालय, ऐकून तरी ठाऊक असेल. रिफाम्पिसिन येण्यापूर्वी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने, आयसोनियाझिड आणि पीएएस नावाचे जुने औषध यांवर हा आजार बरा करायला दीड वर्ष किंवा त्याहून जास्त लागत असे. रिफाम्पिसिन आणि त्याच्या जोडीला पायराझिनामाइड आले, तेव्हा तो काळ सहा महिन्यांवर आला. सहा महिन्यांचा हा उपचार रिफाम्पिसिनच्या खांद्यावर उभा आहे. पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढणारे जंतू मरतात आणि माणसाला बरे वाटू लागते, पण संथपणे जगणारे जंतू मागे उरलेले असतात आणि पुढचे महिने त्यांच्यासाठी असतात. मध्येच औषध तोडले तर तेच पुन्हा वाढतात, आणि त्यांत रिफाम्पिसिनला न जुमानणारे निघाले तर उपचार कितीतरी अवघड होतो. गजकर्ण छळते, झोप मोडते, हे मला मान्य आहे. पण ते थांबू शकते. क्षयरोगाला थांबवून ठेवता येत नाही.

शिवाय गोळ्या थांबवल्या तरी विकरे लगेच पूर्ववत होत नाहीत. त्याला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे महिनाभर टीबीचे औषध तोडून त्यातला निम्मा काळ कॅप्सूल पुरेशी लागू पडणारच नाही. ज्या फायद्यासाठी हे करायचे तो फायदाही हाती येत नाही.

आणखी एक बाब यकृताची. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्हींमुळे यकृताला सूज येऊ शकते, आणि तोंडाने घ्यायच्या बुरशीनाशकांमुळेही येऊ शकते. दोन्ही एकत्र असतील तर लक्ष दुप्पट ठेवावे लागते. भूक एकाएकी मरणे, मळमळ, उलटी, उजव्या बरगडीखाली दुखणे, डोळे पिवळे होणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे. इथे एक फसगत होते ती लक्षात असू द्या. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, आणि ते निरुपद्रवी आहे असे आम्हीच रुग्णाला पहिल्या दिवशी सांगतो. त्यामुळे काविळीने लघवी गडद झाली तरी घरचे म्हणतात की हा गोळ्यांचाच रंग. म्हणून लघवीवर विसंबू नये, दिवसाच्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग पाहावा.

माणदेशी_वाट (विटा)

धागा फार उपयोगी आहे. मग इट्राकोनॅझोलऐवजी फ्लुकोनॅझोल घेतले तर चालते का? आमच्याकडे गजकर्णाला आठवड्याला एक गोळी म्हणून तेच देतात.

औषधपेटी (सांगली)

फ्लुकोनॅझोलचा बराचसा भाग न मोडता मूत्रपिंडातून बाहेर पडतो, त्यामुळे रिफाम्पिसिनचा त्याच्यावरचा परिणाम तुलनेने सौम्य आहे. रक्तातले त्याचे प्रमाण साधारण चतुर्थांशाने घटते आणि गरज पडल्यास डॉक्टर मात्रा वाढवून ती तूट भरून काढू शकतात. टर्बिनाफिन शरीराबाहेर पडण्याचा वेग मात्र रिफाम्पिसिनमुळे जवळजवळ दुप्पट होतो. व्होरिकोनॅझोल, जे गंभीर बुरशीसंसर्गात वापरतात, ते रिफाम्पिसिनबरोबर द्यायचेच नाही. एकाच कुळातल्या औषधांतही इतका फरक असल्यामुळे 'एक चालत नाही तर त्याच्यासारखे दुसरे घेऊ' असा निर्णय दुकानाच्या काउंटरवर होऊ नये. कोणते चट्टे, किती जुने, यकृताची तपासणी कशी आहे, हे पाहूनच तो व्हायला हवा.

मलमाबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो. त्वचेवर लावायच्या क्लोट्रिमाझोल किंवा ल्युलिकोनॅझोलचा अगदी अल्प अंश रक्तात जातो, म्हणून टीबीच्या गोळ्यांशी त्यांचा झगडा होत नाही. ताईंनी लिहिलेले पहिले मलम, ज्याने खाज थांबली पण चट्टे वाढले, त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. नळीवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असे नाव आहे का ते पाहा आणि असेल तर ते पुन्हा लावू नका.

गोठा_आणि_गवत (फलटण)

मी पशुवैद्यक आहे. रिफाम्पिसिनच्या याच स्वभावाचे आणखी एक उदाहरण आमच्या व्यवसायाला लागून आहे, म्हणून लिहितो.

गायी-म्हशींना सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस होतो. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी काढणाऱ्याला, किंवा अशा जनावराचे दूध न तापवता पिणाऱ्याला तो लागू शकतो. माणसाला येऊन-जाऊन ताप, घाम, सांधे आणि पाठ दुखणे असे होते. त्यावर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि रिफाम्पिसिन रोज ६०० ते ९०० मिलिग्रॅम, असा सहा आठवड्यांचा उपचार अनेक ठिकाणी दिला जातो. आता गंमत नव्हे, पण विचार करण्यासारखी गोष्ट अशी की रिफाम्पिसिन आपल्याच जोडीदाराचे, म्हणजे डॉक्सिसायक्लिनचे, रक्तातले प्रमाण कमी करते. रिफाम्पिसिनच्या जागी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने दिली तर आजार उलटण्याचे प्रमाण कमी असते, त्याचे हे एक कारण मानले जाते. तरीही इंजेक्शनांसाठी रोज दवाखान्यात जाणे सर्वांना जमत नाही, म्हणून गोळ्यांची जोडीही वापरात आहे. म्हणजे परस्पर परिणाम आहे एवढ्यावरून जोडी बाद होत नाही. किती परिणाम आहे, पर्याय काय आहे आणि रुग्णाला काय झेपेल, हे तोलून वैद्य ठरवतो.

छातीचा_दवाखाना (मिरज)

डॉक्टरसाहेब, आपल्या मुद्द्याला एक जोड देतो. ब्रुसेलोसिसमध्येही मणक्याला सूज येते आणि क्षयरोगातही. पाठदुखी आणि बारीक ताप घेऊन आलेल्या रुग्णाला क्षयरोग नाही याची खात्री करूनच ही जोडी सुरू करावी लागते, कारण क्षयरोग असलेल्या माणसाला बाकीच्या औषधांशिवाय एकटे रिफाम्पिसिन मिळाले तर त्याला दाद न देणारे जंतू निवडून वाढतात.

समुपदेशक_सातारा

मी एआरटी केंद्राशी, म्हणजे एचआयव्हीचे औषधोपचार देणाऱ्या केंद्राशी, संबंधित काम करते. एचआयव्ही आणि क्षयरोग एकत्र असलेल्या रुग्णांत ही अडचण रोजची आहे, आणि तिथे ती सोडवलेली आहे. रुग्ण रोज टीएलडी नावाची एचआयव्हीवरची एक एकत्रित गोळी घेतो, तिच्यात डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम असते. रिफाम्पिसिनमुळे ते अपुरे पडते, म्हणून क्षयरोगाचे औषध चालू असेपर्यंत बारा तासांनी डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅमची आणखी एक वेगळी गोळी दिली जाते, आणि क्षयरोगाचा उपचार संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवतात. वर सांगितलेला विकरे ओसरण्याचा काळ तोच. अनेकांना वाटते की टीबीच्या गोळ्या संपल्या, मग ही जादा गोळी कशाला, आणि ते ती त्याच दिवशी सोडतात. तसे करू नये.

लपवण्याबद्दलही लिहिते. द्राक्षबाग ताई, तुमच्या घरी जे ठरले होते ते मला अनोळखी नाही. आमच्याकडे येणारे कितीतरी लोक टीबीच्या गोळ्यांना अशक्तपणाच्या गोळ्या म्हणतात. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. शेजारीपाजारी न सांगण्याचा हक्क भाऊजींना जरूर आहे, पण जो माणूस चिठ्ठी लिहितो आहे त्याच्यापासून हे लपले तर नुकसान त्यांच्याच शरीराचे होते. आणि लग्नाचे म्हणाल तर पूर्ण उपचार घेऊन बरा झालेला माणूस लग्न करतो, संसार करतो, मुलांना कडेवर घेतो. त्या कुटुंबालाही योग्य वेळी खरे सांगून पाहा.

प्रीतिसंगम (कराड)

माझा प्रश्न थोडा वेगळा पण याच विषयातला आहे. आमच्या चुलत्यांना महिनाभर खोकला आहे. त्यांनी एका दुकानातून चिठ्ठीशिवाय अझिथ्रोमायसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन अशा दोन्ही गोळ्या घेतल्या, कारण एकीने गुण आला नाही. दोन जंतुनाशके एकत्र घेतल्याने जंतू लवकर मरतील असा त्यांचा समज आहे. ते हृदयविकाराची औषधेही घेतात.

छातीचा_दवाखाना (मिरज)

कृपया आजच त्यांना डॉक्टरांकडे न्या. ही दोन्ही औषधे हृदयाच्या विद्युत लहरीतला एक टप्पा लांबवू शकतात. एकत्र घेतल्याने तो परिणाम वाढतो. निरोगी तरुणात सहसा काही होत नाही, पण वय झालेल्या, हृदयविकार असलेल्या, किंवा लघवीच्या गोळ्यांमुळे पोटॅशियम कमी झालेल्या माणसात ठोके धोकादायकरीत्या अनियमित होऊ शकतात. इसीजी काढल्यावर ते कळते. चक्कर किंवा घेरी आली तर थांबू नका. या दोघांच्या जोडीला फ्लुकोनॅझोल आले तरी हाच धोका वाढतो.

दुसरे कारणही तेवढेच महत्त्वाचे आहे. लिव्होफ्लॉक्सासिन क्षयरोगाच्या जंतूंवरही चालते. ज्याला खरे तर क्षयरोग आहे त्याला ते आठवडाभर मिळाले की खोकला थोडा दबतो, थुंकीच्या तपासणीत जंतू कमी दिसतात आणि निदान लांबते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासायची, मग औषध. तपासणी सरकारी केंद्रात मोफत आहे, आणि निक्षय मदतवाहिनी १८००-११-६६६६ वरही माहिती मिळते.

द्राक्षबाग (तासगाव)

सर्वांचे मनापासून आभार. वरचे प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवले. गोळ्या थांबवल्या तरी कॅप्सूल दोन आठवडे नीट लागू पडणार नाही, हे ऐकल्यावर त्यांनी आपले म्हणणे मागे घेतले.

आम्ही टीबीचे कार्ड घेऊन पुन्हा त्याच त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी रागावून न घेता सगळे ऐकले, कॅप्सूल बंद केली, पहिल्या मलमाची नळी पाहून त्यात क्लोबेटासोल असल्याचे सांगितले आणि तेही बंद केले. सध्या फक्त साधे बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर अंतरापर्यंत लावायचे आहे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही काही दिवस चालू ठेवायचे आहे. फवारणीनंतर लगेच आंघोळ, कोरडे सुती कपडे आणि टॉवेल वेगळा, हे कटाक्षाने पाळायला सांगितले. एवढ्याने आटोक्यात आले नाही तर यकृताची तपासणी करून पुढचे ठरवतील, आणि त्या वेळी आरोग्य केंद्राच्या अधिकाऱ्यांशी स्वतः फोनवर बोलतील. टीबीच्या ४ गोळ्या एकही दिवस न चुकता चालू आहेत. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी थुंकीची तपासणी आहे.

एक शंका उरली आहे. उरलेल्या कॅप्सूल घरात आहेत. टीबीचा कोर्स संपला की त्याच वापरल्या तर चालतील का?

औषधपेटी (सांगली)

आपल्या मनाने नको. तोवर मलमानेच चट्टे गेलेले असतील तर कॅप्सूलची गरजच उरणार नाही. गरज पडलीच तर टीबीची शेवटची गोळी घेतल्यानंतर किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि डॉक्टरांनी नव्याने लिहून दिल्यावरच सुरू कराव्यात. तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलला शोषणासाठी पोटातले आम्ल लागते, म्हणून ती भरल्या पोटी घ्यायची असते, आणि पित्तासाठी ओमेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोल चालू असेल तर तिचे शोषण घटते. टीबीच्या गोळ्यांनी पित्त होते म्हणून अनेकांना ही गोळी जोडीला दिलेली असते आणि ती पुढेही सवयीने चालू राहते. भाऊजींना ती चालू असेल तर तिचेही नाव त्याच कार्डाच्या मागे लिहून ठेवा. कोणत्याही औषधाचा विपरीत परिणाम दिसला तर डॉक्टरांना दाखवल्यावर औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर त्याची नोंद करता येते. ती नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो.